टापबाबाचे बारा कागद

बिनघोर पहिला आला आणि पार्किंगमध्ये जमलेली साठ-पासष्ट माणसं एकदम ओरडली. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले साहेब लिफ्टमध्ये कुणाच्या नमस्कारालाही उत्तर देत नसत, त्यांनी वॉचमनला मिठी मारली. फोनवरचं रेसचं वर्णन कुणीतरी बंद केलं, आणि सगळ्यांचे चेहरे सूचनाफलकाकडे वळले.

तिथे पाण्याची टाकी धुण्याची सूचना आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधोमध सोनेरी किनारीचा एक कागद लागला होता. 'रविवार, शेवटची रेस: बिनघोर.' त्याखाली बारीक अक्षरात: 'घोडा मागून येतो, टापा आधी ऐकू येतात. टापबाबा.'

हा सलग तिसरा रविवार. पहिल्या रविवारी हुकूम, दुसऱ्या रविवारी गुलबक्षी, आज बिनघोर. तिन्ही वेळा कागद शनिवारी लागला, तिन्ही वेळा रविवारी घोडा आला. यात लपवाछपवी कुठे होती? भिंतीवर, चारचौघांत, आदल्या दिवशी!

"आता बोला!" दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. कुणीच काही बोलणार नव्हतं, तरी त्या तीनदा म्हणाल्या, "आता बोला!"

जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर एक साठीला टेकलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना काही वाटलं नाही. ते एका छापखान्यात प्रुफं तपासत, म्हणून ओळखीपाळखीचे सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. दर रविवारी लेक जेवायला बोलवायची म्हणून ते यायचे, पुढ्यात येईल ते जेवायचे आणि जायचे. काय जेवलात असं दारात कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

वर घरात जावई आनंदानं येरझाऱ्या घालत होता.

"बाबा, ठरलं. टॅक्सी विकतोय. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय, किल्ली द्यायची आणि मोकळं व्हायचं."

लेकीनं हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. "ऐकलंत? त्या गाडीवर आपलं घर चालतं."

"चालत नाही, रांगतं," जावई म्हणाला. "तीन वेळा डोळ्यांनी बघितलंय. चौथा घोडा फलकावर लागणार नाही. गुरुवारी टापबाबा स्वतः येणार आणि सेवाशुल्क भरेल त्याच्या कानात नाव सांगणार. गाडीचे सगळे पैसे घोड्यावर. एकदाच! मग दोन गाड्या घेतो."

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना यांना. तुम्ही तीस वर्षं रेसला जात होता."

"जात होते ना," जावई म्हणाला. "पण तीस वर्षांत बाबांनी कुणाला एक घोडा सांगितला का? राग मानू नका बाबा, पण ज्याला कळतं तो सांगतो. हा माणूस भिंतीवर लिहून सांगतो."

लेक बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तपासनीस म्हणाले, "नाही सांगितला."

खरं तर सांगण्यासारखं बरंच होतं. ते आणि त्यांची बायको रेसला जायचे ते घोडे बघायला. कठड्याला टेकून उभं राहायचं, पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात ते न्याहाळायचं. कुणावर किती वजन टाकलंय, कुणाच्या मागच्या पायात जोर आहे, यावर तासभर वाद घालायचा. ती कानांवरून घोडा निवडायची. कान ताठ तो माझा, असं तिचं साधं शास्त्र होतं. त्यांचं वजनांचं, वेळांचं मोठं गणित असायचं. तिच्या कानांचा आणि त्यांच्या गणिताचा निकाल वर्षाअखेर साधारण सारखाच लागायचा, चारांत एखादा. मात्र घोडा आधी सांगायचा नाही हा तिचा कायदा होता. रेस संपल्यावर मग सांगायचं, माझा अमुक होता म्हणून. ती म्हणायची, "एकदा सांगितला की माणूस घोडा बघत नाही हो, आपलं म्हणणं खरं होतंय का तेच बघत बसतो." ती गेल्यावर तपासनीस एकदाही रेसला गेले नव्हते.

जेवून खाली उतरताना लेक जिन्यापर्यंत आली. ती रडत नव्हती, पण तिनं बापाची बाही घट्ट धरून ठेवली होती. "शुक्रवारपर्यंत काहीतरी करा," एवढंच म्हणाली.

पार्किंग आता रिकामं झालं होतं. तपासनीस फलकाशी थांबले. कागदाच्या सोनेरी किनारीत लहान लहान नाल ओवलेले होते आणि उजव्या कोपऱ्यातला एक नाल जरा तिरका होता. तो तिरका नाल त्यांच्या ओळखीचा होता. ती किनार त्यांच्याच छापखान्यातली होती.

सोमवारी सकाळी त्यांनी मशीनमनला विचारलं, "नालांच्या किनारीचं काम कुणाचं होतं?"

"तुम्ही मला विचारताय?" मशीनमन हसला. "प्रूफ तुम्हीच पास केलंत की. तीन आठवडे येतोय तो पांढऱ्या बुटांचा माणूस. विचित्र गिऱ्हाईक. गेल्या शुक्रवारी तर चार कागद, प्रत्येकाची एकेकच प्रत. मी मालकांना म्हटलं, एका प्रतीसाठी मशीन कोण लावतं? मालक म्हणाले, रोख देतोय ना, मग तुझं काय जातंय?"

तपासनीस फायलींच्या कपाटाशी गेले. गिऱ्हाइकानं उद्या भांडण काढलं तर दाखवायला म्हणून छापखान्यात प्रत्येक कामाचं सही केलेलं प्रूफ जपून ठेवत. नालांच्या किनारीची बारा प्रुफं निघाली. बाराही प्रुफांवर 'छापावे' असा शेरा होता आणि त्याखाली त्यांची सही.

आता हे कसं झालं, असं कुणीही विचारील. रेसचा एवढा शौकीन माणूस, बारा कागदांवर घोड्यांची नावं वाचून सही करतो आणि त्याच्या काहीच लक्षात येत नाही? तर त्याला कारण त्यांची कामाची पद्धत. औषधांच्या खोक्यातली पत्रकं तपासून तपासून तपासनिसांना उलटं वाचायची सवय लागली होती. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि एकेक शब्द मागे यायचं. सरळ वाचलं की अर्थ लागतो, अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते. उत्तम तपासनीस तोच, ज्याला आपण काय वाचलं ते कळत नाही. आणि गेले आठ महिने तर न कळणं त्यांना फारच सोपं झालं होतं.

त्यांनी बारा कागद टेबलावर मांडले आणि यावेळी वरून खाली, सरळ वाचले.

पहिल्या शुक्रवारचे चार. रानवारा, हुकूम, चंदेरी, गुमान. तारीख एकच, रेस एकच, त्या रेसला घोडेही चारच. प्रत्येक कागदाच्या सोळा प्रती. म्हणजे चौसष्ट. दुसऱ्या शुक्रवारचे चार, पुन्हा चारच घोड्यांची रेस, प्रत्येकी चार प्रती. तिसऱ्या शुक्रवारी चार घोडे, एकेक प्रत. त्यांत एकावर बिनघोर.

गणित तिसरीतल्या पोराचं होतं. त्यांनी पेन्सिलनं कडेला आकडे लिहिले: चौसष्ट, सोळा, चार, एक. तो एक म्हणजे लेकीची इमारत.

शरम वाटायला हवी होती. ती वाटली नाही. त्यांनी प्रुफं पिशवीत घातली.

"मालक ओरडतील हं," मशीनमन म्हणाला.

"ओरडू देत," तपासनीस म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. टापबाबा पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या बुटांत आला. बरोबर एक शिष्य, शिष्याच्या हातात कुलपाची पेटी.

"काळ म्हणजे काय?" बाबानं सुरुवात केली. "काळ म्हणजे रेसचा ट्रॅक! तुम्ही स्टँडमध्ये बसलाय, मी वळणावर उभा आहे. तुमच्याआधी मला दिसतं, एवढाच फरक. यात चमत्कार काही नाही, बरं का. हे शुद्ध विज्ञान आहे. कंपन! जमिनीत कंपन असतं. आज पडणारी टाप आजचा माणूस ऐकतो. उद्या पडणारी टाप कोण ऐकणार?"

"तुम्ही!" लोक म्हणाले.

बाबा जमिनीला कान लावायला खाली बसला. आधी त्यानं रुमाल अंथरला. उद्याच्या टापा ऐकणाऱ्या माणसाला आज पँट मळण्याची काळजी होती.

"ऐकू येतंय," तो डोळे मिटून म्हणाला. "चार घोडे आहेत. एक पुढे आहे. पण नाव मोठ्यानं उच्चारलं की कंपन बिघडतं. रांग करा. आधी पेटी, मग कान."

जावई रांगेत दुसरा होता. लेक खांबाला टेकून उभी होती आणि बापाकडे बघत होती. तपासनीस उठले.

"बाबा, पाच मिनिटं द्या. एक खेळ खेळायचाय. घोडा तुम्हीच काढायचा, तुमच्याच हातानं."

बाबानं लोकांकडे पाहिलं. लोकांना खेळ हवा होता. त्यानं मान हलवली.

"इथे चार खांब आहेत," तपासनीस म्हणाले. "खांब म्हणजे घोडा. ज्याला जो आवडेल त्या खांबाशी त्यानं उभं राहायचं. वॉचमनच्या टोपीत चार चिठ्ठ्या टाकतो. बाबा एक काढतील. तो आकडा निघेल त्याच खांबाचे लोक खेळात राहतील, बाकीचे बसतील."

हसत खिदळत लोक विभागले. बाबानं चिठ्ठी काढली: तीन. तिसऱ्या खांबाशी सतरा जण होते, बाकी सगळे बसले. त्या सतरांनी पुन्हा खांब निवडले. चिठ्ठी निघाली: एक. पाच जण उरले. त्या पाचांनी पुन्हा निवडले. चिठ्ठी: दोन.

दुसऱ्या खांबाशी फक्त तळमजल्यावरच्या आजी होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं. पहिल्यांदा तिथे खुर्ची होती म्हणून त्या तिसऱ्या खांबाशी बसल्या होत्या. मग नातीनं खुर्ची ओढून पहिल्या खांबाशी नेली. आणि आता दुसऱ्याशी पंख्याचा वारा लागत होता म्हणून त्या तिकडे गेल्या होत्या.

"आजी!" तपासनीस मोठ्यानं म्हणाले. "सलग तीन घोडे बरोबर! कशा ओळखता तुम्ही?"

"काय म्हणतोस?"

"टापा ऐकू येतात का तुम्हाला?"

"डॉक्टरांना दाखवलंय," आजी म्हणाल्या. "मशीन लावा म्हणतात."

अख्खं पार्किंग हसलं. बाबासुद्धा हसला, पण जरा उशिरा.

"आता विचार करा," तपासनीस म्हणाले. "आजींना काहीच माहीत नव्हतं. पण साठ माणसं उभी केली की कुणीतरी उरणारच. जो उरतो त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी आहे. तुमची इमारत ही आजींसारखी आहे. उरलेली आहे." त्यांनी पिशवीतून बारा कागद काढले आणि फलकावर टाचण्यांनी लावले, चार चारच्या तीन ओळींत. "पहिल्या आठवड्यात चौसष्ट इमारतींत कागद लागले. प्रत्येक घोड्याच्या वाट्याला सोळा इमारती. जिथे घोडा हरला तिथे बाबानं पुन्हा कागद लावला नाही. दुसऱ्या आठवड्यात सोळा इमारती. तिसऱ्यात चार. घोडा कुठलाही येवो, एका इमारतीत बाबा देव ठरणारच होता."

फलकाजवळची माणसं नावं वाचत होती.

"बनावट!" बाबा ओरडला. "हे कागद या माणसानं आज छापलेत. छापखान्यातच कामाला आहे ना? विचारा त्याला!"

"आहे," तपासनीस म्हणाले. "खाली सह्या माझ्याच आहेत, बाराही. तीन आठवडे न वाचता मी याला 'छापावे' म्हणत आलो. चूक माझी आहे."

जावई रांगेतून पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे तुम्ही कबूल करताय की हे तुम्ही छापलंत? मग आजच छापलं नाही हे कशावरून? मी तुमच्यावर का विश्वास ठेवायचा?"

तपासनिसांनी त्याच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी बरं वाटलं.

"ठेवूच नका," ते म्हणाले. "जावईबापू, हेच तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं. माझ्यावर नका, बाबावर नका. चौसष्ट इमारती म्हणजे आजूबाजूच्याच असणार. समोरच्या इमारतीत जा आणि विचारा, पहिल्या शनिवारी तुमच्या फलकावर काय लागलं होतं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. समोरच्या इमारतीशी दोन वर्षांपासून बोलणं बंद होतं. गाड्या लावण्यावरून भांडण झालं होतं आणि ते पोलिसांपर्यंत गेलं होतं. बाबाची दिव्यदृष्टी खरी ठरली ती एवढ्यापुरतीच. शेजारी शेजाऱ्याला विचारत नाही, हे त्याला लांबून दिसलं होतं.

जावई रस्ता ओलांडून गेला.

तो परत येईपर्यंत पार्किंगमध्ये कुजबुज चालली. बाबानं शिष्याला खूण केली आणि "कंपन बिघडलंय" असं पुटपुटत दोघं गाडीत बसले. वॉचमननं गाडीचा नंबर हातावर लिहून घेतला. बँकवाले साहेब हळूच तपासनिसांच्या जवळ सरकले.

"ते जाऊ द्या हो," ते म्हणाले. "बाबा खोटा, मान्य. पण तुम्ही तीस वर्षं रेस बघताय. तुम्ही जाणकार. रविवारी कोण येईल, खरं सांगा."

"हो, काका, तुम्हीच सांगा!" शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. "फलकावर लिहा, आम्ही सगळे बघू."

दहा-बारा माणसं भोवती जमली. सगळ्यांच्या डोळ्यांत थोड्या वेळापूर्वी बाबासाठी होतं तेच होतं. तपासनिसांना वाटलं, किती सोपं आहे हे. एक नाव लिहायचं. लागलं तर पुढच्या रविवारी खुर्ची, त्याच्या पुढच्या रविवारी पेटी. आणि त्यांना भयंकर राग आला. बाबाचा, या लोकांचा, स्वतःच्या बारा सह्यांचा. आठ महिने कुठे होता हा राग, देव जाणे.

"मला माहीत नाही!" ते इतक्या जोरात म्हणाले की आजींनीही मान वळवली. "मला एक घोडा आवडतो, मी तो मनात ठेवतो, रेस बघतो, हरला तर हसतो. त्यात कुणाचं काही जात नाही. तोच घोडा मी इथे लिहिला की त्याच्यावर तुमची घरं बसतात, आणि मला ती दिसतसुद्धा नाहीत. चारांत तीन वेळा मी चुकतो. तीस वर्षं चुकतोय. रेस बघायला या, माझ्याबरोबर कठड्याला उभे राहा, जरूर या. पण घोडा विचारू नका!"

"मग एवढं सगळं केलंत कशाला?" शिवणकामवाल्या बाई नाराजीनं म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

इतक्यात जावई परत आला. एकटा नव्हता. त्याच्याबरोबर घरातल्या चपलांवर, बनियनवर सदरा अडकवत आलेला एक माणूस होता. दोन वर्षांत समोरच्या इमारतीतलं कुणी इकडे पाऊल टाकलं नव्हतं. तो फाटकाशीच थांबला. जावयानं त्याचा दंड धरून त्याला आत आणलं.

"सांगा यांना," जावई म्हणाला.

त्या माणसानं फलकावरचे कागद पाहिले. पहिल्या ओळीतल्या पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "हा," तो हळू म्हणाला. "रानवारा. आमच्याकडे हा लागला होता. शेवटचा आला. सोमवारी सकाळी बघितलं तर कागद नव्हता."

"तुम्ही लावले होते पैसे?" बँकवाल्या साहेबांनी विचारलं.

"मोटरसायकल विकून लावले." तो खाली बघत होता. "घरी सांगितलंय, चोरीला गेली म्हणून. बायको रोज विचारते, पोलिसांचा फोन आला का."

कुणी हसलं नाही. जावयानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि एवढंच म्हणाला, "शुक्रवारी येऊ नका. गाडी विकायची नाही." लेक खांबापासून पुढे आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरायचं काही कारणही नव्हतं.

तपासनिसांनी आपली खुर्ची उचलून लोकांच्या समोर, बाबा उभा होता त्या जागी ठेवली.

"ज्याचा घोडा आला तो गल्लीभर ओरडत सुटला," ते म्हणाले. "ज्याचा हरला तो लाजेनं घरात बसला. म्हणून आपल्याला चमत्कारच ऐकू आला. असल्या त्रेसष्ट इमारती आहेत गावात. यापुढे कुणी काही अद्भुत दाखवलं, घोडा असो, औषध असो, नाहीतर गुप्तधन असो, तर टाळ्या वाजवायच्या आधी एकच करा. ज्यांच्याकडे ते घडलं नाही त्यांना शोधा, आणि त्यांना विचारा."

मग ते त्या माणसाकडे वळले. तो अजून चपलांकडे बघत उभा होता.

"बसा," तपासनीस म्हणाले. "आणि पुन्हा सांगा. मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."